संध्याकाळी सहा ते दहा

(शहापूर येथे दिलेल्या स्मृती-व्याख्यानाचा छापील मजकूर)

शहापूर तालुक्यातल्या चोंढे गावाच्या डोक्यावर सह्याद्रीचा कडा उभा आहे. कड्याच्या माथ्यावर, अकोले तालुक्याच्या हद्दीत, घाटघर. माथ्यावर एक जलाशय, पायथ्याशी दुसरा आणि मधे डोंगराच्या पोटात 125 मेगावॉटचे दोन संच. 2008 साली सुरू झालेला हा घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प जपानच्या कर्जातून उभा राहिला. त्याची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची असून देशात त्या तंत्राने बांधलेली ती पहिली धरणे. पाणी मात्र वर-खाली तेच ते फिरते. वीज स्वस्त असली की खालचे पाणी वर चढवायचे, महाग झाली की सोडून द्यायचे. चढवताना शंभर युनिट खर्ची पडली तर उतरताना पंचाहत्तर-ऐंशी हाती लागतात. नुसती वीज मोजली तर हा आतबट्ट्याचा व्यवहार. तरीही तो परवडतो, कारण घाऊक बाजारात रात्री दोन वाजताचे युनिट आणि संध्याकाळी साडेसातचे युनिट या दोन निराळ्या वस्तू आहेत.

या व्याख्यानाचा विषय ती दुसरी वस्तू हा आहे. संध्याकाळी सहा ते दहा या वेळेतली वीज कोणाच्या हातात राहणार, आणि ज्याच्या हातात ती राहील त्याला भाव ठरवण्याची मुभा किती, हा प्रश्न शहापूर-मुरबाडला दूरचा वाटण्याचे कारण नाही. घाटघरचे 250 मेगावॉट ही नुसती सुरुवात होती. भावलीचा 1500 मेगावॉटचा प्रकल्प जेएसडब्ल्यूने हाती घेतला आहे, वरचा भाग इगतपुरीकडे आणि खालचा शहापुरात. मुरबाडच्या बाजूला माळशेज घाट–भोरांडे, तोही 1500 मेगावॉटचा, अदानी ग्रीनचा. माळशेजमध्येच सरकारी कंपन्यांचा 700 मेगावॉटचा जुना प्रस्ताव 2000च्या दशकापासून कागदावर आहे. जून 2023 मध्ये राज्य सरकारने एनएचपीसी आणि टोरंट यांच्याशी मिळून 13,050 मेगावॉटचे सामंजस्य करार केले. एनएचपीसीच्या यादीत 1150 मेगावॉटचा ‘काळू’ प्रकल्प आहे. मुरबाडकरांना हे नाव नव्याने सांगायला नको. काळू धरणाविरुद्ध इथल्या आदिवासी गावांनी लढा दिला आणि वनपरवानग्यांच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने 2012 मध्ये ते काम थांबवले.

सगळ्यांची नजर एकाच कड्यावर का, याचे उत्तर उन्हात आहे. सौर विजेमुळे दुपारची वीज इतकी मुबलक झाली की मे 2025 मध्ये काही दुपारी वीज एक्स्चेंजवरचा भाव शून्याच्या जवळ गेला. सूर्य कलला, घराघरांत दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे सुरू झाली की तोच भाव उसळतो आणि पुष्कळदा दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. दुपारी स्वस्तात पाणी चढवून संध्याकाळी महागात उतरवायला पाचशे-सहाशे मीटरचा सरळ कडा आणि चार महिने धो धो पाऊस लागतो. या दोन तालुक्यांकडे दोन्ही आहे.

घाऊक वीजबाजार ही चीज महाराष्ट्रात तशी अलीकडची. पूर्वी मुंबई सोडली तर सगळा कारभार एकट्या वीज मंडळाचा. वीज मंडळच बनवणार, वाहणार आणि विकणार. त्या व्यवस्थेत बाहेरचा पहिला मोठा खासगी विक्रेता, एन्रॉन, आला तो दाभोळला. डिसेंबर 1993 मध्ये करार झाला, मे 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मे 2001 मध्ये मंडळाने वीज घेणे बंद केले. मधल्या काळात मंडळाला दाभोळचे युनिट सात रुपयांच्या वर पडू लागले होते, कारण वीज कमी घेतली तरी स्थिर आकार पूर्ण द्यावा लागे आणि तोही डॉलरशी बांधलेला. एन्रॉनवर आजवर बरेच लिहून झाले आहे, त्याची उजळणी इथे नको. एवढेच लक्षात ठेवायचे की विक्रेत्याची मक्तेदारी जशी बाजारात असते तशीच ती करारातही असू शकते. किंबहुना करारातली अधिक चिवट, कारण ती वीस-वीस वर्षे चालते.

विद्युत कायदा 2003 ने औष्णिक वीजनिर्मितीवरचा परवाना उठवला. 6 जून 2005 रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. 27 जून 2008 रोजी इंडियन एनर्जी एक्स्चेंज सुरू झाले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचे पॉवर एक्स्चेंज, आणि 2022 मध्ये तिसरे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा निराळा लिलाव होतो. 1 जून 2020 पासून तर ऐनवेळच्या विजेचाही बाजार भरतो, दर अर्ध्या तासाला एक.

लिलावाची रीत कल्याणच्या भाजी मार्केटपेक्षा वेगळी आहे. मुरबाडचा शेतकरी पहाटे काकडीची पोती घेऊन गेला की प्रत्येक ढिगाचा भाव निराळा फुटतो. एक्स्चेंजवर मात्र सगळ्या विक्रेत्यांच्या बोली स्वस्ताकडून महागाकडे मांडतात, मागणी जिथे पुरी होते तिथल्या शेवटच्या बोलीवर रेघ मारतात आणि रेघेच्या आतल्या प्रत्येकाला तोच एक भाव मिळतो. दोन रुपयांची बोली लावलेल्यालाही शेवटच्याचे दहा मिळू शकतात. ऐकायला हे अन्यायाचे वाटते; पण भरपूर विक्रेते असतील तर ही पद्धत उत्तम चालते, कारण कोणालाही आपली खरी किंमत लपवण्यात फायदा नसतो. विक्रेते मोजके असले की गणित फिरते.

एक काल्पनिक हिशेब मांडू. एका कंपनीकडे 2000 मेगावॉटची केंद्रे आहेत, तिला युनिटमागे खर्च चार रुपये येतो. संध्याकाळी साडेसातला भाव सहावर ठरणार आहे. कंपनीने 600 मेगावॉटचा एक संच बॉयलरची नळी गळते म्हणून बंद ठेवला. आता मागणी भागवायला पुढच्या महागड्या केंद्राची वीज घ्यावी लागते आणि रेघ सरकते दहावर. बंद संचामुळे कंपनीचा तासाला 12 लाखांचा नफा बुडाला. उरलेल्या 1400 मेगावॉटवर मात्र युनिटमागे चार रुपये जास्त मिळाले, म्हणजे तासाला 56 लाख. एक संच बंद ठेवून निव्वळ 44 लाखांची कमाई, दर तासाला. ज्याच्याकडे एवढा एकच संच आहे त्याला हा खेळ परवडत नाही. मोठ्यालाच परवडतो. बाजारशक्ती म्हणतात ती हीच. ती वापरायला कट-कारस्थान करावे लागत नाही, कोणाला फोनही करावा लागत नाही.

आणि बॉयलरची नळी खरोखरच गळते की नाही, हे बाहेरच्या माणसाला कसे कळणार?

इंग्लंडने हा धडा आपल्याआधी गिरवला. 31 मार्च 1990 रोजी तिथे सरकारी वीज कंपनी फोडून घाऊक बाजार सुरू झाला. पण कोळशाची जवळजवळ सगळी केंद्रे नॅशनल पॉवर आणि पॉवरजेन या दोनच कंपन्यांकडे दिली गेली. रिचर्ड ग्रीन आणि डेव्हिड न्यूबेरी या अर्थशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये दाखवून दिले की दोघांत वाटलेला बाजार खर्चाच्या कितीतरी वर भाव ठेवू शकतो. तीच केंद्रे पाच कंपन्यांत वाटली असती तर चित्र बरेच बदलले असते. 1994 मध्ये नियामकाने दोघांना मिळून 6000 मेगावॉटची केंद्रे सोडायला लावली. शेवटी 2001 मध्ये ती लिलावपद्धतच मोडीत काढली.

त्या इंग्लिश गोष्टीत आपल्या कामाचा एक तुकडा आहे. वेल्समध्ये दिनॉर्विग नावाचे उदंचन केंद्र आहे, स्लेटच्या डोंगरात कोरलेले, 1984 मध्ये सुरू झालेले, 1728 मेगावॉटचे. घाटघरचाच थोरला भाऊ. 1995 च्या अखेरीस ते आणि फेस्टिनिऑगचे धाकटे केंद्र अशी दोन्ही एका अमेरिकी कंपनीने विकत घेतली. एकूण विजेत त्यांचा वाटा किरकोळ. पण दिवसातल्या महागड्या अर्ध्या तासांत रेघ बरेचदा त्यांच्याच बोलीवर पडे. किती वीज बनवतो याला तिथे महत्त्व नव्हते; कोणत्या अर्ध्या तासाला बनवतो याला होते.

आता हेच शहापूरच्या कड्यावर लावून पाहा. कोळशाच्या केंद्राला वीज रोखायची तर निदान नळी गळल्याचे सांगावे लागते, भार-प्रेषण केंद्राला कळवावे लागते, नंतर त्याची चौकशी होऊ शकते. उदंचन केंद्राला असले काही लागत नाही. ‘आजचे पाणी उद्याच्या संध्याकाळसाठी राखून ठेवले, उद्या मागणी जास्त दिसते’ एवढे सांगितले की पुरे, आणि ते कारण पुष्कळदा खरेही असते. खरा विवेक आणि खोटी टंचाई यांतला फरक जलाशयाच्या पातळीकडे पाहून ओळखता येत नाही. त्यात तेच केंद्र दुपारी गिऱ्हाईकही असते, म्हणजे खरेदी आणि विक्री अशा दोन्ही टोकांना त्याचा हात. प्रस्तुत वक्त्याच्या मते वीजबाजारात बाजारशक्ती लपवायला याहून सोयीची जागा नाही.

मग उदंचन वाईट का? अजिबात नाही. विक्रेते पुरेसे असतील तर याच केंद्रांमुळे संध्याकाळचा भाव खाली येईल. कॅलिफोर्नियात 2000-01 साली कंपन्यांनी टंचाईचा फायदा उठवून राज्याला वेठीस धरले, तेव्हा अशी साठवण भरपूर आणि स्वतंत्र हातांत असती तर तो खेळ इतका चालला नसता. प्रश्न मालकीचा आणि कराराचा आहे. शिवाय तारांचाही.

तारांचे आधी घेऊ, कारण तो भाग इथून जवळ आहे. पडघ्याचे 400 केव्हीचे उपकेंद्र इथल्या अनेकांनी येता-जाता पाहिले असेल. चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर आलेली उच्चदाब एकदिश वाहिनी 1999 पासून इथे उतरते, आणि इथून वीज मुंबईकडे जाते. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी कळवा–पडघा दरम्यानच्या दोनपैकी एक सर्किट दुरुस्तीला होते, सगळा भार दुसऱ्यावर होता, आणि त्यात बिघाड झाला. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईत वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवसाची चर्चा बरीचशी तांत्रिक झाली, सायबर हल्ल्याचीही झाली. बाजाराच्या अंगाने ती फारशी झाली नाही. पडघ्याच्या अलीकडे देशभरची स्वस्त वीज असते आणि पलीकडे जायला वाट अरुंद, तेव्हा पलीकडे ज्याचे केंद्र आहे तो त्या बेटावरचा एकमेव दुकानदार ठरतो. देशात हजार विक्रेते असले तरी त्याला फरक पडत नाही. 2010 मध्ये टाटा पॉवरने मुंबईत वीज वाटणाऱ्या रिलायन्सला दिली जाणारी शेकडो मेगावॉट वीज दुसरीकडे वळवायचे ठरवले, तेव्हा राज्य सरकारला मधे पडावे लागले ते यामुळेच. बाहेरून हवी तेवढी वीज आत आणायला वाहिन्या नव्हत्या. खारघर–विक्रोळी वाहिनी आणि वाड्याजवळच्या कुडूसहून आरेपर्यंत 1000 मेगावॉटची एकदिश वाहिनी, ही कामे वीज पुरवण्याइतकीच बाजार मोकळा करण्याचीही आहेत. शेतात टॉवर आला की मोबदल्याचे भांडण होते, आणि ते रास्तच असते. त्या टॉवरची खरी किंमत मुंबईच्या बाजारात काय आहे हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही, हेही तितकेच खरे.

आता करार. सप्टेंबर 2024 मध्ये महावितरणने जेएसडब्ल्यूला भावलीसाठी इरादापत्र दिले. क्षमता 1500 मेगावॉट, रोज आठ तास वीज देता येईल एवढी साठवण, मुदत 40 वर्षे, स्थिर आकार दर मेगावॉटला वर्षाला 84 लाख 66 हजार रुपये. वर्षाला साधारण 1270 कोटी. एक मेगावॉट रोज आठ तास, वर्षभर, म्हणजे 29 लाख 20 हजार युनिट. प्रकल्प रोज पूर्ण क्षमतेने वापरला तर युनिटमागे साठवणुकीचे भाडे दोन रुपये नव्वद पैसे पडते. त्यावर पाणी चढवायला लागणारी वीज महावितरणची, वर वीस-पंचवीस टक्के घट. दुपारची सौर वीज दोन-अडीच रुपयांना धरली तरी संध्याकाळचे युनिट सहा रुपयांच्या आसपास जाते. आठाऐवजी चारच तास वापर झाला तर भाडेच पाच रुपये ऐंशी पैसे.

या कराराची चांगली बाजू स्पष्ट सांगितली पाहिजे. भाडे ठरले, पण किल्ली महावितरणकडे राहते. पाणी कधी चढवायचे, कधी सोडायचे हे घेणारा ठरवणार असेल तर मालकाला संध्याकाळ रोखून धरण्यात काही मिळत नाही. बाजारशक्तीचा काटा तिथेच मोडतो. भाव डॉलरला बांधलेला नाही, बोलीतून आलेला आहे. दाभोळशी त्याची बरोबरी करणारे घाई करतात. तरीही दाभोळची एक खूण त्यात आहेच. वापर होवो न होवो, 40 वर्षे भाडे द्यायचे. बॅटऱ्यांच्या किमती गेल्या काही वर्षांत ज्या वेगाने कोसळल्या ते पाहता 40 हा आकडा छातीत धडकी भरवणारा आहे. भाड्याचा हा बोजा शेवटी वीजबिलातच उतरणार.

दुसरा मार्ग आहे खुल्या बाजारासाठी बांधलेल्या उदंचनाचा. कोणाशी करार नाही. दुपारी एक्स्चेंजवर घ्यायची, संध्याकाळी एक्स्चेंजवर विकायची. ग्राहकाच्या डोक्यावर भाडे नाही, हा त्याचा गुण. पण अशा दोन-तीन प्रकल्पांची मालकी एकाच गटाकडे गेली, आणि त्याच गटाकडे कोळशाची केंद्रे, सौर प्रकल्प, पारेषण वाहिन्या आणि शहराचे वितरणही असले, तर आधीच्या हिशेबातले 44 लाख आठवावेत. महाराष्ट्रात असे गट हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि त्यांची नावे या व्याख्यानात एव्हाना येऊन गेली आहेत. कोणी गैरव्यवहार केला असे म्हणण्याचा इथे हेतू नाही. संधी कोणाला आहे, एवढेच पाहायचे आहे.

स्पर्धा एक्स्चेंजवर कमी होण्याआधीच निविदेत कमी होऊ शकते. 2024 मध्येच महावितरणने 5000 मेगावॉट सौर आणि सुमारे 1600 मेगावॉट कोळशाची वीज एकाच निविदेत मागितली. ती अदानींना मिळाली, सरासरी दर चार रुपये आठ पैसे. दर स्वस्त असल्याचे सरकार सांगते आणि तो दर त्या वेळच्या मानाने महाग नव्हताच. पण फक्त सौर करणाऱ्या डझनभर कंपन्या किंवा फक्त कोळशाची केंद्रे असलेल्या कंपन्या अशा जोड-निविदेत एकट्याने उतरू शकत नाहीत, ही टीका त्या दराने खोटी ठरत नाही. सुटे सुटे मागितले असते तर काय भाव आला असता, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

एक्स्चेंजचा गोंगाट जास्त असतो, पण देशातल्या एकूण विजेपैकी दहा टक्केही तिथून जात नाही. बाकी बहुतेक दीर्घ मुदतीच्या करारांतून. तरी तिथला भाव सगळ्या करारांवर सावली धरतो. मार्च 2022 च्या अखेरीस उन्हाळा लवकर आला, कोळसा कमी पडला आणि भाव वीस रुपयांच्या तेव्हाच्या कमाल मर्यादेला भिडला. केंद्रीय नियामक आयोगाने 1 एप्रिलला मर्यादा बारावर आणली, पुढच्या वर्षी दहावर. मर्यादा घातली की लूट थांबते, पण टंचाई खरी असेल तर वीज पुरवणाराच बाजार सोडून जातो. हे आयोगालाही ठाऊक असावे, म्हणूनच महाग विजेचा निराळा विभाग 2023 मध्ये काढला गेला. 23 जुलै 2025 रोजी आयोगाने तिन्ही एक्स्चेंजच्या बोली एकत्र करून एकच भाव काढण्याचा आदेश दिला. जवळजवळ सगळा बाजार एकट्या इंडियन एनर्जी एक्स्चेंजकडे असल्याने दुसऱ्या दिवशी त्याचा शेअर पाव भागाहून अधिक कोसळला, आणि कंपनी अपिलेट न्यायाधिकरणात गेली. बाजार भरवणाराही मक्तेदार असू शकतो, हे त्या एका दिवसात गुंतवणूकदारांना जितके स्पष्ट झाले तितके ग्राहकांना वर्षानुवर्षांत झाले नव्हते.

शहापूरला वरच्या बाजूला राहण्याचा अनुभव आहे. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. भावली हे नावही आधी पाण्याचेच आहे. इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणून शहापूरची शंभराच्या घरातली गावे आणि दोनशेहून अधिक पाडे भिजवायची योजना आहे. त्याच नावाच्या उदंचन प्रकल्पामुळे गावांना विजेत काय मिळणार, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की करारात ते लिहिले नसेल तर काहीच नाही. वीज तारांत शिरली की ती कोणत्या गावच्या कड्यावरून आली हे तिला ठाऊक नसते. चोंढ्याच्या घरातले बिल आणि बोरिवलीच्या घरातले बिल वेगवेगळ्या कंपन्यांचे, पण ते ज्या संध्याकाळच्या भावाने चढते-उतरते तो भाव घाऊक बाजारातलाच.

कायद्यात हत्यारे आहेत. 2003 च्या कायद्याचे कलम 60 नियामक आयोगाला वर्चस्वाचा गैरवापर करणाऱ्या कंपनीला आदेश देण्याचा अधिकार देते. राज्यात 1999 पासून आयोग आहे, दिल्लीत स्पर्धा आयोग आहे. पण कलम 60 चा उपयोग अपवादानेच होतो, कारण गैरवापर सिद्ध करायला 96 तुकड्यांची, प्रत्येक केंद्राची, प्रत्येक बोलीची माहिती लागते आणि ती सामान्य ग्राहकाच्या हाती नसते. उदंचन केंद्रांसाठी जलाशयाची पातळी, पंप केलेली आणि सोडलेली वीज दर पंधरा मिनिटांनी जाहीर करण्याची सक्ती करता येईल. एका गटाकडे राज्यातल्या एकूण साठवणुकीचा किती वाटा असावा याला मर्यादा घालता येईल. दोन्हीसाठी नवा कायदा लागत नाही.

वेळेचे मात्र भान ठेवावे लागते. बोलीतून आलेला दर आयोगापुढे जातो तो कलम 63 खाली, आणि तिथे आयोग मुख्यतः निविदा पारदर्शक आणि नियमांप्रमाणे झाली की नाही हे पाहतो. दर जास्त आहे, मुदत लांब आहे, स्पर्धक कमी होते, ही तक्रार तिथे फारशी चालत नाही. ती चालते त्याच्या आधीच्या टप्प्यावर, जेव्हा महावितरण किती साठवण, किती वर्षांसाठी, कोणत्या अटींवर घ्यायची याला आयोगाची मंजुरी मागते आणि आयोग लोकांच्या हरकती मागवतो. काळू किंवा माळशेजसाठी असा अर्ज आला, तर मुरबाड तालुक्यातल्या ग्रामसभांनी ठराव करून हरकत पाठवायची मुदत तीच असेल.